अकराशे की तीस हजार

तर्जनीच्या नखावरचा पिवळा रंग कोपऱ्यात उडाला होता आणि ट्रेसा उरलेला अंगठ्याने खरवडत बसली होती — सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या पिचरला खुणा लांबून दिसाव्यात म्हणून कॅचरने नखं रंगवायची, रंग उडेपर्यंत पुढचा सामना यायचाच. आता मात्र शाळेचे सामने संपले होते, आणि दुपारपर्यंत दोनपैकी एका कॉलेजला नाही म्हणायचं होतं.

"तीस हजार पोरं त्या मोठ्या कॉलेजात," आई बेकन परतता परतता म्हणाली. "तुझ्यापुढे दोन कॅचर. चार वर्षं बाकावर बूड झिजवशील. त्यापेक्षा ते अकराशे पोरांचं बरं, खेळशील तरी."

"तीस हजारांत हिला हुडकणार कोण?" बाबांनी कॉफीतून मान वर न करता विचारलं.

तेच तर... पण ते घरात बोलण्यासारखं नव्हतं. मोठं कॉलेज बघायला गेली तेव्हा सवयीने ती समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात करत सुटली होती — इथे नेब्रास्कात, त्यांच्या गावाच्या रस्त्यावर, येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरून बोट उचलायचंच असतं — आणि तिथे एक मुलगा मागे वळून बघू लागला, ही हात करतेय कुणाला म्हणून. तिने हात खिशात घातला. लाज वाटायला हवी होती, पण वाटलं ते सुख. तिथे कुणालाच तो चेंडू माहीत नव्हता.

शाळेत जाताना पेट्रोल भरायला थांबली, तर पंपावरच्या म्हाताऱ्या आर्लोने काच पुसता पुसता सांगितलंच, "तो चेंडू कुणालाच अडवता आला नसता गं पोरी." या आठवड्यातला हा चौथा. शेवटचा डाव, तिच्या पायांमधून मागे गेलेला चेंडू, तिसऱ्या बेसवरून धावत येऊन विजयाची धाव घेतलेली समोरच्या संघातली मुलगी — वर्ष उलटलं तरी गाव तिची समजूत घालत होतं, मायेने, न चुकता. अकराशेंच्या कॉलेजातही आठवड्याभरात सगळ्यांना कळेल. नाही कुणाला म्हणायचं, हे तिचं कधीच ठरलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून तिने लहान कॉलेजच्या कोच ब्रुगमनबाईंना फोन लावला. नकाराचं वाक्य तोंडपाठ होतं.

"बरं झालं, तूच केलास," बाई म्हणाल्या. "तुझा तो हरलेला सामना काल परत पाहिला."

आलंच, ट्रेसाला वाटलं.

"सहाव्या डावात बेस चोरायला पळालेल्या पोरीला गुडघ्यावर बसूनच चेंडू फेकून बाद केलंस. कुणी शिकवलं?"

सहावा डाव... असा काही डाव झाला होता, हेच तिच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. गावातल्या कुणी त्याचा विषय काढला नव्हता. पण मग तिने तरी कुठे काढला होता, इतक्या रात्री जागून काढल्या तरी?

"कुणी नाही," ती म्हणाली. "आपोआप झालं."

"हं. मग, काय ठरवलंस?"

तोंडपाठ वाक्य जिभेवर होतं, पण ते आता दुसऱ्याच कुणा मुलीचं वाटत होतं, आणि या मुलीने अजून काहीच ठरवलेलं नव्हतं.