डाव्या बाजूची जाळी

मित्रांनो, मोटारसायकलच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकाजवळ लोखंडी सळ्यांची एक जाळी असते. मी तीच. आता जुनी झाले आहे, दोन ठिकाणी गंजले आहे. लोक मला साडी गार्ड म्हणतात.

गाझियाबादच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्याच सूर्यकांतरावांनी नवी गाडी घेतली, तिच्यावर मला बसवले. ते सरकारी कचेरीत कामाला. त्यांच्या पत्नी कुमुदताई दिल्लीत, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवत. रोज सकाळी त्या मागे बसत, पदर खोचत आणि म्हणत, "चला." वारा आला की पदर उडून माझ्यावर आपटे. चाकाला मी तो कधी लागू दिला नाही. माझे कौतुक कुणी केले नाही, पण मला त्याचे काही वाटत नसे.

पुढे सूर्यकांतराव निवृत्त झाले आणि गाडी त्यांची मुलगी वृंदा चालवू लागली; शाळेला जाताना मागे कुमुदताईच बसत.

एक दिवस ती म्हणाली, "बाबा, ही जाळी काढू या ना. गाडी अगदी दूधवाल्याची दिसते. आणि आई आता साडी नेसते कुठे? ड्रेसच तर घालते."

"अच्छा, काढ," सूर्यकांतराव म्हणाले. "चाक धुवायलाही बरं."

"मला विचारलंत का कुणी?" कुमुदताई हसल्या. "चलो, माझ्या मनीप्लँटला आधार झाला."

मी बाल्कनीतल्या कुंडीत उभी राहिले. वेल माझ्या सळ्यांतून वर चढली. पाने सुंदर होती, पण खालून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की माझा जीव खालीवर होई. साडी गेली होती, ओढणी मात्र होतीच.

शेवटी भीती खरी झाली. मी तिथे नव्हते. संध्याकाळच्या बोलण्यातून सारे कळले. दोघींनी हेल्मेट घातले होते, पट्टेही लावले होते. मागून एक रिक्षावाला जिवाच्या आकांताने ओरडला, "बहनजी, चुन्नी! चुन्नी!" वृंदाने करकचून ब्रेक मारला. तोवर ओढणी चाकात गुंडाळली गेली होती. ती फाटली, म्हणून कुमुदताई वाचल्या. गळ्यावर लाल वळ उठला होता.

"उद्यापासून मी बसने जाईन," त्या म्हणाल्या. "त्या गाडीवर पुन्हा बसणार नाही."

वृंदा बाल्कनीत आली आणि माझ्यावरची वेल ओढू लागली.

"अगं, तुटेल ना ती!"

"तुटू दे. परत लावू."

"सरक तिकडे. तुला काही जमायचं नाही." कुमुदताई माझ्यापाशी बसल्या. वळ दुखत होता, तरी त्यांनी वेलीचा एकेक वेढा सोडवला. शेवटचे पान सुटल्यावर त्यांनीच मला उचलून वृंदाच्या हातात दिले. "घट्ट बसव. मी हलवून बघणार आहे."

त्या अजूनही रोज मला हलवून बघतात. मग ओढणीची टोके कमरेला बांधतात आणि म्हणतात, "चल."

सिग्नलला कुणाची ओढणी लोंबताना दिसली की त्या हाक मारतात, "बेटा, चुन्नी!"

"आई," वृंदा म्हणते, "तू सगळ्या दिल्लीची साडी गार्ड झालीस."

मित्रांनो, आईला, ताईला मागे बसवाल तेव्हा आधी खाली वाकून चाकाकडे बघा. तिथे मी दिसले नाही, तर गाडी सुरू करू नका.