सड्यावरची हाक

आमच्या वाडीच्या डोक्यावरचा सडा म्हणजे नुसता कातळ आणि गवत, असं शहरातले पाहुणे म्हणतात. म्हणोत बापडे. त्या कातळावर गुरं चारायची, गवत कापून आंब्याच्या पेट्यांत घालायला द्यायचं, करवंदीची जाळी माजली की खणून काढायची आणि हिवाळा सरायच्या आत कडेचा पट्टा आपल्याच हाताने जाळून टाकायचा, म्हणजे उन्हाळ्यातला वणवा खालच्या काजूबागांत उतरत नाही. एवढं सगळं पिढ्यान् पिढ्या केलं म्हणून सडा राहिला, नाहीतर केव्हाच काट्यांचं रान झालं असतं. पूर्वी हे काम सगळी वाडी करायची. मग एकेक घर बंद होत गेलं, आणि थोरले दीर, भाई, लेकाकडे मुंबईला गेल्यापासून आम्ही दोघंच उरलो, मी आणि हे.

पट्टा पेटवण्याआधी हाक द्यायची, ही आमच्याकडची रीत. गवतात ससा असतो, लावे पक्षी असतात, कधी झोपलेला गुराखीही असतो. हाक बाईने द्यायची, आणि कुणी ओ दिली तर त्या दिवशी आग लावायची नाही.

यंदा आदल्या दिवशी कपिला गाय सड्यावरून परतली नाही, म्हणून हे तिला शोधायला गेले. तिन्हीसांजेला कपिला एकटीच आली. हे बऱ्याच वेळाने आले, न बोलता जेवले आणि झोपले. सकाळी दूध काढायला बसले तर कपिलेने त्यांच्यावर शिंग उगारलं. तिचा स्वभाव तसा नाही. दूध मी काढलं. आमचे हे तसे बडबडे. लग्न झाल्यापासून माझ्याशी बोलताना त्यांचं एकही वाक्य 'गो' लावल्याशिवाय संपलं नाही, चारचौघांतही नाही, आणि त्यावरून जावेने माझी कितीदा थट्टा केली. आदल्या संध्याकाळपासून तो 'गो' काही ऐकला नव्हता. दमले असतील, असं मी म्हटलं, आणि खरं सांगायचं तर तेवढंच वाटलं.

दंव सुकल्यावर आम्ही सड्याच्या कडेला गेलो आणि मी हाक दिली. "कोण आसात तर भायर येवा. आग घालतंव."

गवतातून आवाज आला, "थांब गो. मी हंय आसंय."

आवाज ह्यांचा होता. आणि हे माझ्या शेजारी पेटती चूड घेऊन उभे होते.

ऐकलंत का, असं मी विचारलं. गवताकडे बघत ते म्हणाले, "कोण नाय थंय. लाव." चूड त्यांनी माझ्या हातात दिली. वारा पडला होता. आजचा दिवस गेला तर पुन्हा तो असा पडेल की नाही, सांगता येत नव्हतं, आणि खाली साऱ्या वाडीच्या बागा होत्या. मला भीती वाटायला हवी होती, रडू यायला हवं होतं. पण आत काहीच हलत नव्हतं. माझा नवरा शेजारचा की गवतातला, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि तो मी विचारला नाही. मी चूड गवताला लावली.

पट्टा छान जळला. पुन्हा आवाज आला नाही.

घरी येऊन भात टाकला, कुळथाची पिठी केली. ताटं मांडली आणि सवयीने मागच्या दारात जाऊन, सड्याकडे तोंड करून हाक मारली, "जेवूक येवा." सड्यावर अजून धूर होता.

"मी हंय आसंय," माझ्या पाठीमागून, चुलीजवळून आवाज आला.

मी त्या 'गो'ची वाट बघत दारातच थांबले. पुढे काही आलं नाही. मग मी आत गेले आणि त्याला वाढलं.