झेलणारा

प्रार्थनेनं आजार बरे करायच्या चंगाई सभेत पास्टरनं कपाळावर हात ठेवला की माणूस मागच्या मागे कोसळतो, आणि त्याला अलगद झेलून चटईवर निजवायला मागे एक धट्टाकट्टा गडी उभा असतो. गेली चार वर्षं तो गडी म्हणजे गादी. हे नाव झेलणाऱ्यांच्या म्होरक्यानं पाडलेलं. खरं नाव विचारायची कुणाला गरजच पडली नाही. आधी तो गोदामात पोती उचलायचा. इथे माणसं झेलायची, वर दर सभेला पाकीट. नशीब फळफळलं, असं त्याला वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी म्होरक्यानं त्याला कोपऱ्यात घेऊन शिकवलं. पास्टरचा तळवा कपाळ ढकलणार, त्याच क्षणी आपण कमरेपाशी कपडा दोन बोटांनी किंचित मागे ओढायचा. समोरच्याचे डोळे मिटलेले, हात वर, तासभर उभं राहून पाय भरून आलेले. तो पडणार नाही तर काय करणार? आणि माणसं पडलेली असतानाच दानाच्या बादल्या फिरवायच्या, तेव्हा लोकांचा हात सैल सुटतो. हे सांगताना दोघंही पोट धरून हसले होते.

तीन आठवड्यांपूर्वी रांगेत त्याची थोरली बहीण आली. आईमागे हिनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. तिच्या मागे तो उभा राहिला आणि हात सवयीनं चालला. ताई पडली, रडली, बादलीत कानातलं टाकलं आणि घरी येऊन, साखर बरी झाली म्हणत, इन्सुलिन केराच्या डब्यात फेकलं. आता तिची टाच काळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज औषध सुरू करा, नाहीतर पाय कापावा लागेल, आणि तेवढ्यावर भागलं तर देवाचे आभार माना.

"ताई, तो सगळा तमाशा आहे गं," तो रोज सांगायचा.

"तमाशा? मी काय ढोंग करून पडले? तू स्वतः मागे होतास ना!"

त्याला पास्टरचा राग यायचा, त्याच्या बर्फासारख्या पांढऱ्या सुटाचा, त्याच्या तीन गाड्यांचा. पण दोन बोटांची गोष्ट काही तोंडातून बाहेर पडायची नाही.

एक बाई या पास्टरवर डॉक्युमेंटरी करत होती. सभेतला एक कॅमेरामन काम सोडताना न कापलेलं चित्रण तिला देऊन गेला होता. महिनाभर गादी तिचा फोन टाळत होता. आज मात्र तो स्वतःच तिच्या ऑफिसात जाऊन बसला. टीव्हीवर लोक पडायचे तेव्हा पास्टरचा चेहरा दाखवत. तिनं लावलेल्या चित्रणात बाजूच्या कॅमेऱ्यानं सगळं टिपलं होतं. ताईची कंबर, आणि तिथे त्याची बोटं, उजेडात लख्ख.

"हे मला द्या. बहिणीला दाखवायचंय."

बाईचे डोळे चमकले. "आम्ही येऊ का कॅमेरा घेऊन? ती बघत असताना तिचा चेहरा..."

"लाज वाटत नाही?" तो ओरडला. "तिचा पाय सडतोय, आणि तुम्हाला चेहरा पाहिजे! त्या पास्टरमध्ये आणि तुमच्यात फरक तो काय?"

बाई वरमली. तिनं सगळं चित्रण त्याच्या फोनवर घालून दिलं.

दुपारी ताई पाय उशीवर ठेवून बसली होती. तिनं ते तीनदा पाहिलं. पास्टरकडे तिचं लक्षच नव्हतं.

"ही बोटं तुझी?"

"हो."

"मी देवाला हाक मारत होते, आणि तू माझा कपडा ओढत होतास."

तो पायाशी बसून ढसाढसा रडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. "रडणं पुरे. इंजेक्शन आण," ती म्हणाली. आणलेलं तिनं स्वतःच पोटात टोचून घेतलं. त्याला हायसं वाटलं. सुटलो, असं मनात आलं, तोच ती म्हणाली, "बाकीचे कोण कोण होते?"

"मला काय माहीत? मी मागे असायचो. पाठीच दिसायच्या."

"मला तोंडं माहीत आहेत. लाव पुढचं."

चित्रण पुढे सरकू लागलं. गादी कागद घेऊन बसला, ताई बोट दाखवत गेली. "ही शिवणकामवाली. दम्याचा पंप टाकून दिलाय तिनं. लिही. हा बसचा ड्रायव्हर, फिटच्या गोळ्या बंद केल्यात मेल्यानं. अजून बस चालवतोय. लिही, हात का थांबला?"

मग एक म्हातारा आला. काठी बाजूला फेकून हात वर करून उभा. ताईनं चित्र थांबवलं.

"हे शाळेचे जुने शिपाई. हृदयाच्या गोळ्या होत्या यांना. गेल्या आठवड्यात गेले. बायको एकटीच आहे आता. म्हणते, त्यांचाच विश्वास कमी पडला."

गादीनं कागदावर त्यांचंही नाव लिहिलं.

"आधी त्यांच्या घरी जा," ताई म्हणाली.

"तिथे जाऊन काय सांगू?"

"मला सांगितलंस तेच. आणि तीन आठवडे लावू नकोस."