कुंदाबाईंच्या दाढेवरचं भोक

अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत कुंदाबाई कवायत शिकवायच्या. त्यांची शिट्टी वाजली की दीडशे मुली खांबासारख्या उभ्या राहत. एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर बाईंनी वरची किडकी दाढ काढून घेतली. तिसऱ्या दिवशी मैदानावर शिट्टी फुंकली, तर शिट्टी मुकी आणि नाकातून सुर्रकन वारा. पुन्हा फुंकली, पुन्हा नाकच बोललं. पुढच्या रांगेतलं कुणीतरी फिसकलं आणि बघता बघता सगळी कवायत गवतात लोळायला लागली.

दुपारी चहाचा घोट घेतला, तो नाकातून थेट मुख्याध्यापिकांच्या हजेरीपटावर उतरला. तेव्हा मात्र बाई घाबरल्या.

त्यांचे यजमान देवराव कोर्टात कारकून. आधी ते पोट धरून हसले, मग बायकोचा चेहरा पाहून गप्प झाले आणि शनिवारी तिला एसटीनं अमरावतीला घेऊन गेले. तिथले डॉक्टर चिंतामण लष्करी इस्पितळात जबड्यांची कामं करून आलेले. त्यांनी बाईंना नाक दाबून फुंकायला लावलं आणि दाढेच्या जागी बुडबुडा आलेला पाहून मान हलवली. गालाच्या हाडात एक पोकळी असते, ते म्हणाले, वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला टेकलेली असतात. मधलं हाड पापडाएवढं पातळ. बाईंची दाढ निघताना तो पापडही घेऊन आली. दोष कुणाचाच नाही. पोकळी धुवायची, गालाकडची हिरडी ओढून भोकावर शिवायची, की झालं.

"आन् तिथं नवा दात?" देवरावांनी विचारलं.

सध्या कवळी, डॉक्टर म्हणाले. पण कमरेचं हाड काढून जबड्यात भरतात, ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पुढेमागे त्या पोकळीचा तळ वर उचलून, खाली हाड भरून त्यात दातही रोवता येईल.

"म्हंजे वऱ्हाडात पऱ्हाटीसंगं दातबी पेरता येतीन," देवराव गंभीरपणे म्हणाले.

बाई खो खो हसल्या. डॉक्टरांनी बोट उचललं: शिवल्यावर हे हसणं बंद. पंधरा दिवस नाक शिंकरायचं नाही, शिंक दाबायची नाही, शिट्टीला हात लावायचा नाही.

सुई टोचून जबडा बधिर केला. दोरा ओढल्याचं तेवढं कळत होतं. बाई मनातल्या मनात एक-दोन, एक-दोन मोजत पडून राहिल्या. अर्ध्या तासात काम उरकलं.

खरी शिक्षा घरी होती. देवरावांनी तोंड उघडलं की हसू यायचं, म्हणून त्यांनी मौन धरलं. पण त्यांचा तो मुकाट चेहरा पाहून बाईंना आणखीच उकळ्या फुटायच्या. शेवटी देवराव अंगणात बसून जेवू लागले. आठव्या दिवशी फोडणीतल्या मिरचीनं घात केला. बाईंनी आ वासून अशी शिंक दिली की अंगणात देवरावांच्या हातातला घास पडला. दोघं धावत आरशाशी गेले. टाके जागेवर होते.

सोळाव्या दिवशी अमरावतीला टाके निघाले. पाणी पिऊन झालं, नाक दाबून फुंकून झालं. कुठं थेंब नाही, बुडबुडा नाही. बाईंनी पिशवीतून शिट्टी काढली आणि आतल्या रोग्यांना त्रास नको म्हणून गॅलरीत गेल्या. डॉक्टरांनी हळूच फुंका म्हणून बजावलं होतं. पण दीडशे मुलींच्या बाईंना हळूच फुंकणं कुठलं ठाऊक?

खाली टांगा थांबला. तिघा सायकलवाल्यांनी पाय टेकले. कोपऱ्यावरचा पोलीस ताठ उभा राहून साहेब कुठून आले ते शोधू लागला.

बाई क्षणभर बघतच राहिल्या आणि मग सोळा दिवसांचं हसू एकदम फुटलं. देवराव पायरीवर बसून डोळे पुसत होते. "हसा आता," आतून डॉक्टर म्हणाले, आणि तेही हसू लागले. काही कारण नसताना बाईंनी पुन्हा शिट्टी फुंकली. नुकताच निघालेला टांगा परत थांबला आणि टांगेवाल्यानं वर पाहिलं.

"बाई, एकदाचं सांगून द्या," तो म्हणाला, "जाऊ का थांबू?"