समुद्रापलीकडची कार्डं

समुद्रकाठच्या नाबल शहरात, घराच्या अंगणात नारिंगाच्या फुलांचा ढीग पडला होता. नफीसा फुलं उकळून वाफेतून त्यांचं सुगंधी पाणी गाळत होती. तिची मुलगी इब्तिहाल त्यांच्या ऑनलाइन दुकानासाठी पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकांच्या कार्डांवरून पैसे घेणारी सेवा, निवडत होती.

"आई, हा स्वस्त आहे, पण फक्त इथलीच कार्डं घेतो. दुसरा परदेशातलीही घेतो, पण कमिशन जास्त कापतो."

"परदेशातून कोण मागवतंय गं?"

"समुद्रापलीकडे मार्सेयला गेलेली मावशी रोज फोनवर या वासासाठी रडते ना, तिच्यासारख्याच बायका!"

नफीसानं डोळे मिटून घेतले. वाफेसोबत आपणही समुद्रावरून तरंगत चाललोय, खिडक्याखिडक्यांतून बायका हात पुढे करताहेत, असं तिला वाटलं.

"महागडाच घे," ती हळूच म्हणाली.

पहिली मागणी माँट्रियलच्या एका अनोळखी बाईची आली. नफीसानं तिची बाटली काठोकाठ भरली.