पिवळ्या डागाची वाट

हसू नका, मी एक लंगोट बोलतोय. आजोबांच्या जुन्या सुती सदऱ्याची पाठ कापून आजीनं मला शिवलं, तेव्हा बाळ अजून इस्पितळात काचेच्या पेटीत होतं. दिवस भरायच्या आतच धावत आलेली पोर, म्हणून सगळे तिला लाडानं घाईबाई म्हणत.

घाईबाईला दूध पचेना, म्हणून बरेच दिवस तिला शिरेतूनच अन्न दिलं. त्यात तिचं इवलंसं यकृत थकलं आणि पित्त आतड्यात उतरेना. घरी आली तेव्हा डोळे पिवळे आणि शी मात्र पांढुरकी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता दूध पोटात जातंय. पित्त वाहू लागलं की शीला रंग येईल. नाही आला तर आणखी तपासण्या, कदाचित ऑपरेशनही. रोज नीट बघा."

पण आमची आजी म्हणजे स्वच्छतेचं भूत! शी झाली रे झाली की मी बादलीत. साबण, ब्रश, कढत पाणी. माझी सालटी निघायची. डॉक्टरीणबाईंनी रंग विचारला की आई आजीकडे बघायची आणि आजी छताकडे.

"अहो आई, धुवायच्या आधी हाक तरी मारा मला!"

"अगं, तसंच ठेवायला माझा जीवच होत नाही."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आजी, पुढच्या वेळी लंगोट न धुता आणायचा." आजीचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

तपासणीच्या दिवशी पाळी माझी होती. आजीनं मला सोडलं, खिडकीपाशी नेलं आणि घर डोक्यावर घेतलं.

"सूनबाई! पिवळी! अगं, पिवळी झाली!"

आई धावली. बाबा अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून आले. तिघंही माझ्यावर वाकून हसत होते, रडत होते. आनंदानं मला कुठं ठेवू नि कुठं नको असं त्यांना झालं.

डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात निरखलं. "छान! पित्त उतरायला लागलं. रक्त तपासत राहू, पण ऑपरेशनची धास्ती आता सोडा." आजी मला घेऊन थेट बाहेर बसलेल्या मंडळींना दाखवायला निघाली, बाबांनी कसंबसं आवरलं.

आता घाईबाई घरभर धावते आणि मी खिडक्यांच्या काचा पुसतो. तुमच्या घरी चिमुकलं असेल, तर माझ्या भावंडांना बादलीत टाकण्याआधी जरा उजेडात धरा. नाक हवं तेवढं मुरडा, पण रंग बघा.