खांबाभोवतीची फट

मास्तरांनी वाटीभर पाणी खांबावर ठेवलं, दोन पावलं मागे सरकले आणि जमिनीवर टाच आपटली. वाटीतलं पाणी थरथरलं. पुन्हा आपटली, पुन्हा थरथरलं. हे व्हायलाच नको होतं.

आता निवृत्त चित्रकला शिक्षकाने भर सकाळी परसातल्या नव्याकोऱ्या गोल खोलीत टाचा का आपटाव्यात, हे सांगायला थोडं मागे जायला हवं. मास्तरांना आकाशाचे फोटो काढायचा नाद. गच्चीवर दुर्बीण, दुर्बिणीला कॅमेरा, आणि एकेका फोटोसाठी तो कॅमेरा पाच-पाच मिनिटं उघडा. तेवढ्यात कुणी नुसतं पाऊल टाकलं तरी हादरा दुर्बिणीपर्यंत जायचा आणि टिंबासारखा तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबुडका उमटायचा. म्हणून मास्तर बायकोला शेजारी खुर्चीत बसवत आणि बजावत, "अगं, हलू नकोस." ती बिचारी नऊ वर्षं हलली नाही. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दहा मिनिटांच्या वर एका जागी बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तिने गच्चीवर येणंच सोडलं.

पहिले चार दिवस मास्तरांना बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. पाचव्या दिवशी एक झकास फोटो निघाला, "हे बघ" म्हणत ते वळले, तर खुर्ची रिकामी. त्यानंतर त्यांचं मन कशात लागेना.

मग त्यांनी उपाय काढला. परसात गोल खोली, वर फिरता घुमट, आणि मधोमध जमिनीतून थेट वर आलेला काँक्रीटचा खांब. दुर्बीण खांबावर, माणसं फरशीवर, आणि दोघांच्या मध्ये गोलाकार बोटभर फट. फरशी खांबाला शिवायचीच नाही, म्हणजे खुशाल चाला, हादरा पलीकडे पोचत नाही. बायकोने कपडे वाळत घालायची जागा सोडली ती याच बोलीवर. "मी आत येणार, आणि मनात येईल तेव्हा फेऱ्या मारणार. कबूल?" मास्तर म्हणाले, "कबूल."

व्हरांड्यात महिनाभर खपून मास्तरांनी फायबरचा घुमट स्वतः बनवला होता. उद्या गल्लीतले आठजण येऊन तो भिंतींवर चढवणार होते. आणि आज ही वाटी!

मास्तर गुडघ्यांवर बसले. फट नव्हतीच. तिथे सिमेंटची गुळगुळीत, देखणी पट्टी होती.

मिस्त्री निरोप मिळताच आले.

"इथली फट कुठे गेली?" मास्तरांनी विचारलं.

"भरली की," मिस्त्री म्हणाले आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? काल सगळं आवरून निघालो, मागे वळून बघतो तर एवढी मोठी फट! चाळीस वर्षांत भेग ठेवून काम सोडलं नाही मी. लोक म्हणतील, मिस्त्रीचा हात उतरला. परत आलो आणि भरून टाकली."

नकाशात ती फट लाल शाईने रंगवली होती, खाली 'मोकळी ठेवणे' असं वळणदार अक्षरात लिहिलंही होतं. पण मिस्त्रींनी ते 'सध्या मोकळी ठेवणे' असं मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं होतं. निष्काळजी माणसावर ओरडता तरी येतं. इतक्या आपुलकीने घोटाळा करणाऱ्याचं काय करायचं?

मास्तरांनी सगळं समजावून सांगितलं तसा मिस्त्रींचा चेहरा पडला.

"किती खोल भरलीत?"

"उरलेला माल ओतला. किती खाली गेला, काय ठाऊक."

माल तळापर्यंत गेला असेल तर अख्खी फरशी फोडायची, आणि त्या ठोकाठोकीत खांबाला तडा गेला तर खांबही. मिस्त्रींनी पिशवीतून बारीक छिन्नी काढली. "फुटायचंच असेल तर माझ्या हातून फुटू दे," म्हणाले.

ठोकल्याचा आवाज ऐकून बायको दारात आली. "काय चाललंय?"

"काही नाही, जरा फिनिशिंग."

तिने खांबाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "फट बुजवलीत ना?" ती म्हणाली, आणि दाराला टेकून तिथेच उभी राहिली. मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

दोन बोटं खोल गेल्यावर छिन्नी एकदम खच्चकन आत घुसली. बाहेर आले ते पांढरे गोळे. थर्माकोल! फरशी ओतताना खांबाभोवती गुंडाळलेला थर्माकोल नंतर ओढून काढायचा होता. वरचा निघाला, खालचा तुटून आत राहिला, आणि मिस्त्रींनी कंटाळून तो तसाच सोडला होता, नंतर विसरूनही गेले होते. मऊ थर्माकोलमधून हादरा कसला जातोय! म्हणजे कामसूपणाने केलेल्या चुकीला आळसाने केलेली चूक आडवी आली होती. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तासाभरात मिस्त्रींनी पट्टी गोल फोडून काढली, खांबाला ओरखडासुद्धा न लावता.

वाटी पुन्हा खांबावर ठेवली. बायको एक फेरी चालली. पाणी ढिम्म. मग मिस्त्रींनी जागच्या जागी दोन उड्या मारल्या. तरीही ढिम्म. मास्तरांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी मिस्त्रींना मिठीच मारली. आयुष्यात पहिल्यांदाच भेग ठेवून मिस्त्री घरी निघाले, आणि तेही हसत.

"एक सांगू?" दोघंच उरल्यावर बायको म्हणाली. "गच्चीवर यायचं मी गुडघ्यामुळे नव्हतं सोडलं. माझ्या शिंकेने तुमचा एक फोटो बिघडला होता, आठवतं? ओरडला असतात तर चाललं असतं. तुम्ही दोन दिवस बोललाच नाहीत. मी तेव्हाच ठरवलं होतं. गुडघा आयता मिळाला."

मास्तरांना तो फोटो लख्ख आठवला. ते दोन दिवस मात्र आठवेनात, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"चुकलंच." ती हसली. "पण माणसाने खोली बांधली माझ्यासाठी, तेव्हा दिलं सोडून. आता तुम्ही चाला. मी पाणी बघते."

मास्तर निघाले ते चवड्यांवर, श्वास रोखून. सुंभ जळाला तरी पीळ जाईना.

"अहो, मांजरासारखं काय चालताय? पाय टाका की!"

मास्तरांनी पाय टाकला. दुसरा त्याहून जोरात टाकला. फेरी पुरी होईपर्यंत त्यांच्या चपला फटाफट वाजायला लागल्या होत्या.

"हललं का गं पाणी?" त्यांनी विचारलं.

"पाण्याकडे बघतंय कोण," ती म्हणाली, आणि त्यांच्या मागोमाग चालू लागली.